बसवरचा नेस्टर

बसच्या अंगावरचं मीठ पहिल्या फवाऱ्यात सुटत नाही. आधी गरम पाणी मारायचं, मग थोडं थांबायचं, मीठ मऊ होऊ द्यायचं, आणि मग लांब दांड्याचा ब्रश वरून खाली ओढायचा. अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या रस्त्यांवर थंडीभर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते मीठ, चिखल, धूर असं सगळं मिळून दिवसभरात बसवर राखाडी साय धरते, आणि खालचा रंग कोणता होता ते आठवावं लागतं. लायल गोर्स्की गेली काही वर्षं डेपोत बसगाड्या धुण्याचं काम करत होता. त्यातलं ते मधलं थांबणं त्याला आवडायचं. वाफ चढलेली असायची, कुणाचं तोंड दिसायचं नाही, आपलंही कुणाला दिसत नसेल असं वाटायचं. त्या मंगळवारी सकाळच्या फेऱ्या संपवून नायगारा स्ट्रीटची बस आत आली. लायलनं पाणी मारलं, थांबला, ब्रश टेकवून खाली ओढला, तर राखाडी सायीतून एक डोळा बाहेर आला. हसणारा डोळा. जाहिरातीतली माणसं हसतात, पण त्यांचे डोळे असे बारीक होत नाहीत. त्यानं ब्रश पुन्हा वर नेला. भुवई आली, भुवईला मधोमध छेदणारा जुना व्रण आला, मग जरा डावीकडे कललेलं नाक, मग दात. नेस्टर विडाल. मागच्या दारापासून चाकापर्यंत पसरलेला, हयातीत होता त्याच्या तिप्पट मोठा, खांद्यावर पुस्तकांची पिशवी, पाठीमागे निळं तळं. बाजूला ठसठशीत अक्षरं: 'तुम्ही देशासाठी उभे राहिलात, आम्ही तुमच्यासाठी उभे आहोत.' आणि खाली तळ्याकाठच्या त्या कॉलेजचं नाव.

नेस्टरला जाऊन वर्ष उलटलं होतं.

"काय रे, प्रेमात पडलास का फोटोच्या?" शेजारच्या रांगेतून हॅरॉल्ड ओरडला. हॅरॉल्ड धुलाईचा मुकादम, मनानं वाईट नव्हता, पण ओरडल्याशिवाय त्याला बोलता येत नसे. "मागे गाड्या तुंबल्यात!"

अर्धा चेहरा धुऊन अर्धा तसाच सोडणं काही शक्य नव्हतं. लायलनं ब्रश बाजूला ठेवला आणि हातात फडकं घेतलं, कारण त्या तोंडावर ब्रशचे राठ केस फिरवणं त्याला जमेना. ओठांच्या कोपऱ्यात मीठ अडकलं होतं, ते त्यानं बोटानं काढलं. कानामागून काळं पाणी ओघळलं. हे आपण आधीही केलंय असं त्याला वाटलं, आणि लगेच आठवलं, कुठे. कंदाहारच्या फौजी तळावर त्या दोघांकडे मोडक्या ट्रकांचं काम होतं. एकदा एक ट्रक आला, ओढून आणलेला. पुढची काच नव्हती आणि आत बसलेली माणसं आधीच दुसरीकडे नेलेली होती. साहेब म्हणाला, इंजिन चांगलं आहे, कामाला येईल, पण आधी आतून धुऊन घ्या. मग त्यांनी तो धुतला. उन्हात पत्रा इतका तापला होता की पाणी पडलं की चर्र व्हायचं, आणि जो वास यायचा तो लायलच्या नाकातून पुढे कधी गेलाच नाही, फक्त कधी झोपायचा, कधी जागा व्हायचा. नेस्टर सगळा वेळ नाकातल्या नाकात त्याच्या आईची कसलीशी गाणी म्हणत होता. लायलला तेव्हा त्याचा राग आला होता. आता कळत होतं, तो म्हणत होता म्हणून आपल्याला दुसरं काही ऐकू आलं नाही. काम संपल्यावर नेस्टरनं फडकं पिळलं आणि म्हणाला, "चला, सर्व्हिसिंग झालं. गिऱ्हाइकाला फोन करा." दोघं हसले. हसताना नेस्टरचे डोळे बारीक झाले, तसेच, आता बसवर होते तसे.

डोरीननं जेवणाच्या टेबलावर कॉलेजांची माहितीपत्रकं पसरून ठेवली होती. डोरीन लायलची मोठी बहीण. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, जेवू घालायची, आणि घरी येऊन तेच सगळं लायलला करू पाहायची. नवरा सोडून गेल्यावर घर तिच्या वाट्याला आलं होतं; खाली ती राहायची, वरच्या मजल्यावर लायल. वर जायचं दार वेगळं, जिना वेगळा. फौजेतून सुटलेल्या माणसाला सरकार एकदा शिकवतं, पण ठरावीक वर्षांच्या आत, आणि लायलची ती वर्षं संपत आली होती. हा विषय डोरीन दर रविवारी काढायची, आता रोज काढू लागली होती. खरं तर जमीन मोजणारा व्हावं असं त्याला वाटायचं. मोकळ्या माळावर तिकाटण्यावरच्या भिंगातून लांब रोवलेली काठी बघत उभं राहायचं, मधे कुणी नाही. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की लोक विचारतात, का?

"गुरुवारी अकराला जायचंय," डोरीन म्हणाली. "तळ्याकाठी. ते सगळ्यात चांगलं. फौजेतल्यांसाठी वेगळा हॉल आहे, सल्ला द्यायला बाई आहे, सगळं आहे. कोट काढून ठेवलाय. आणि दाढी कर, अस्वलासारखा दिसतोस."

"नेस्टर तिथंच होता."

"माहितेय मला. म्हणून काय कॉलेज वाईट होत नाही. माणूस आतून काय घेऊन जातो ते कॉलेजला कसं कळणार?"

"तो बसवर आहे, डोरीन. त्यांच्या जाहिरातीत. आज धुतला मी त्याला."

डोरीननं त्याच्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. हात लांब करून तिनं तळ्याकाठच्या कॉलेजचं माहितीपत्रक पालथं घातलं, जसं घरातला आरसा कुणी गेल्यावर झाकतात. पालथ्या बाजूलाही तळंच होतं.

"त्यांना माहीत नसेल," ती हळू आवाजात म्हणाली.

"तेच तर."

त्या फोटोची गोष्ट नेस्टरनंच त्याला सांगितली होती. पहिल्याच आठवड्यात कॉलेजचा फोटोवाला आला, म्हणाला, जरा हसा. "आता मला नापास करायची कुणाची छाती आहे!" नेस्टर म्हणाला होता, "मी भिंतीवर आहे." कॉलेज त्यानं माहितीपत्रक बघूनच निवडलं होतं, सोफे बघून, असं तो म्हणायचा. पानगळीपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग लायलला तो फोनवर वर्गाऐवजी फक्त फुटबॉलच्या मॅचबद्दल बोलताना ऐकू येऊ लागला. पण शहरातली सगळीच माणसं त्या ऋतूत मॅचबद्दल बोलतात. मग हिवाळा आला. नेस्टरनं वर्गात जाणं सोडलं, मग भाड्याच्या खोलीतून बाहेर येणं सोडलं. शेवटी घरमालकानं दार उघडलं. दफन झाल्यावर काही दिवसांनी कॉलेजकडून पत्र आलं: हजेरी कमी असल्यामुळे आपलं नाव पटावरून कमी करण्यात येत आहे, आपणांस शुभेच्छा. हे सगळं लायलला तारीखवार माहीत होतं, आणि तरी आजवर त्याला कॉलेजचा राग आला नव्हता. दुःख होतं तेव्हा ते बसायला जागा शोधत फिरतं. आता त्याला जागा मिळाली होती.

गुरुवारी तो कोट घालून गेला. दाढी केली नाही. मिस ॲशबी नावाची तरुण बाई त्याला दारातच भेटली. हसरी, टवटवीत, हस्तांदोलन करताना दुसरा हातही वर ठेवणारी. तिचे आजोबा नौदलात होते, हे तिनं पहिल्या मिनिटात सांगितलं, आणि लायलला तिची दया आली, कारण ते सांगताना ती घाबरलेली होती. हॉल खरंच छान होता. चामड्याचे सोफे, सगळ्या दलांचे झेंडे, कॉफीचं यंत्र, खिडकीतून गोठलेलं तळं. पण सोफ्यावर कुणी नव्हतं. चामड्यावर एकही सुरकुती नव्हती. लायलला वाटलं, नेस्टर इथं बसला असेल तर कुठल्या टोकाला? तो नेहमी दाराकडे तोंड करून बसायचा, सगळेच बसतात. दाराकडे तोंड असलेला सोफा एकच होता. लायल त्याच्याकडे बघत उभा राहिला, आणि ती काय बोलतेय ते बराच वेळ त्याला ऐकू आलं नाही.

"...आणि हा आमचा नेस्टर," ती भिंतीपाशी जाऊन म्हणाली. तोच फोटो, छोटा, चौकटीत. "सगळ्यांचा लाडका."

"तुम्ही ओळखता त्याला?"

"म्हणजे, प्रत्यक्ष नाही. मी उन्हाळ्यात रुजू झाले. पण त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं."

"मग तो आता कुठे असतो?"

"पास होऊन गेला असेल," मिस ॲशबी म्हणाली. "चांगल्या नोकरीवर असेल कुठेतरी."

लायल म्हणाला, "तो वारला. तुमच्या इथं शिकत असतानाच वारला. स्वतःच्या हातानं."

तिचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथंच राहिलं, आणि त्याच्या मागचा चेहरा बदलला. मग तिनं खुर्ची ओढली, पण बसली नाही.

"मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली.

"कुणी यायचं बंद झालं तर तुम्हाला कसं कळतं?"

"कॉम्प्युटरवरून निरोप जातो. आपोआप. आधी एक, मग दुसरा, मग..." ती थांबली. आपण काय बोलतोय ते तिलाही ऐकू येत होतं. "मग नाव कमी होतं."

"आणि मग?"

"मग काही नाही," मिस ॲशबी म्हणाली, आणि रडायला लागली. रडता रडताच तिनं फोन उचलला. ती म्हणाली, मी आजच्या आज सांगते, हा फोटो सगळीकडून काढायला लावते, भिंतीवरून, बसवरून, सगळीकडून. तुमची परवानगी असेल तर... नाही, परवानगी कसली, तुम्ही सांगाल तसं.

"काढा," लायल म्हणाला.

लिफ्टमधून उतरताना त्याच्या पोटात ऊब पसरली होती, दारूच्या पहिल्या घोटासारखी. इतक्या वर्षांत आपण एक शब्द बोललो आणि काहीतरी घडलं. तळ्यावरून येणारा वारा गालांना कापत होता, आणि तो सरळ वाऱ्याच्या दिशेनं चालत राहिला.

त्यांनी शब्द पाळला. पुढच्या आठवड्यात जाहिरातवाल्यांची माणसं डेपोत आली, हातात गरम हवेची यंत्रं घेऊन. कागद म्हणतात त्याला, पण तो कागद नसतो, रबरासारखा पातळ पडदा असतो, आणि तापवला की सालीसारखा निघतो. लायल त्या दिवशी शेजारच्याच रांगेत होता. त्यानं बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघत होता. गाल आधी निघाला. कान बराच वेळ चिकटून राहिला. तापलेल्या रबराचा वास आला. त्याच्या नाकात झोपलेला तो जुना वास डोळे उघडून बसला. त्यानं पाण्याचा जोर वाढवला. हेच बरोबर आहे, तो स्वतःशी म्हणाला. खोट्याच्या अंगावर आपल्या माणसाचं तोंड कशाला? जाहिरातवाल्या माणसानं नेस्टरच्या सगळ्या पट्ट्या गोळा करून बोळा केला, पिंपात टाकला आणि पायानं दाबला. झाकण बसत नव्हतं.

रविवारी तो नेस्टरच्या आईकडे गेला. ग्रँट स्ट्रीटवर तिच्या गल्लीत सगळे तिला दोन्या इल्दा म्हणत, म्हणजे इल्दाबाई. तिच्या गावाकडचा, प्वेर्तो रिकोतला मान. लायलही तेच म्हणायचा. अधूनमधून जायचा, बंद पडलेला नळ दुरुस्त करून यायचा, फारसं बोलायचा नाही. आज मात्र त्याला सांगायचं होतं. तिच्यासाठी काही केल्याचं निदान एकदा तरी सांगता येणार होतं. तिनं दुधाची कॉफी केली, पेरूची घट्ट वडी कापून पांढऱ्या चीजवर ठेवली, त्याच्यासमोर सरकवली. तिचे गुडघे सुजले होते. बसताना तिनं टेबलाचा आधार घेतला आणि म्हणाली, "बरं झालं आलास. तू डेपोत आहेस ना? मग मला सांग, नेस्टरची बस कुठे गेली?"

लायलनं हातातली वडी बशीत परत ठेवली.

"मला पानगळीत दिसली पहिल्यांदा," ती सांगू लागली. तिचा आवाज त्यानं वर्षभरात ऐकला नव्हता इतका हलका होता. "थांब्यावर उभी होते, आणि समोरून माझा मुलगा आला. वाटलं, डोकं फिरलं माझं. मग रोज जायला लागले. एक बस जाऊ देते, दुसरी जाऊ देते, ड्रायव्हर ओळखतात आता, हात करतात, म्हणतात, 'बाई, तुमची मागून येतेय.' त्याची आली की चढते. बाजारापर्यंत जाते, परत येते. आत बसलं की तो दिसत नाही, पण माहीत असतं, बाहेरून चिकटलाय, वारा खातोय. लहान होता तेव्हा गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढायचा, कुत्र्यासारखा. मी ओरडायचे." ती हसली. मग हसू गेलं. "सोमवारपासून येत नाहीये. सगळ्या बस जाऊ देते. ड्रायव्हरला विचारलं, तो म्हणाला माहीत नाही. तू विचारशील?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. विचारतो, म्हणता आलं असतं. जाहिरातीची मुदत संपली असेल, म्हणता आलं असतं. आयुष्यात पुढे कितीतरी वेळा त्याला वाटलं की तेच करायला हवं होतं. पण खोटं शोधायलाही मन थाऱ्यावर असावं लागतं.

"मी काढायला लावली," तो म्हणाला. "कॉलेजात जाऊन सांगितलं. ते खोटं होतं, दोन्या इल्दा. आम्ही सांभाळतो असं लिहिलं होतं त्याच्या शेजारी. त्यांना तर तो गेल्याचंही माहीत नव्हतं."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. मागच्या वेळी त्यानंच दुरुस्त केलेला.

"तुला कुणी विचारलं होतं?"

त्यानं कॉफीचा कप उचलून हातात धरला.

"लिहिलेलं खोटं होतं," ती म्हणाली. "तो खोटा होता का? त्याचं हसणं खोटं होतं? माझ्याकडे त्याचे फोटो आहेत, सगळे गणवेशातले, तोंड आवळलेले. हसतानाचा तेवढा एक होता. त्या कॉलेजनं मला दुसरं काय दिलं? तेवढं एक दिलं, न सांगता, चुकून. तेही तू..." तिनं त्याच्या हातातला कप काढून घेतला, अर्धा भरलेला, आणि उरलेली कॉफी मोरीत ओतली. पाठ त्याच्याकडेच ठेवून म्हणाली, "जा आता."

त्यानंतरचे दिवस लायलला नीटसे आठवत नाहीत. कामावर जायचा, यायचा, मग एक दिवस गेला नाही. आजारी आहे म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी कळवलंही नाही. हॅरॉल्डचा फोन वाजत राहिला आणि थांबला. पलंगावर पडून तो छताकडे बघत होता. तिथं ओल आली होती, तिचा नकाशा रोज थोडा सरकत होता. खाली डोरीनचं दार वाजायचं, ती जायची, यायची. आश्रमात माणसं कमी होती म्हणून तिला जास्तीचं काम पडलं होतं. तिला वाटत असेल आपण कामावर आहोत. आपल्याला वाटतं ती कामावर आहे. असंच असतं हे, त्याच्या मनात आलं. कुणी दुष्ट नसतं. सगळ्यांना वाटतं, माणूस दुसरीकडे कुठेतरी आहे. नेस्टरनंही असंच छत पाहिलं असेल. त्यालाही आधी एक दिवस वाटलं असेल, उद्या जाऊ. त्यात भीतीदायक काहीच नव्हतं, उलट सोपं होतं, बर्फात बसल्यावर थोड्या वेळानं गरम वाटू लागतं तसं. ते गरम वाटतंय हे लक्षात आलं आणि लायल उठून बसला. अंगाला घाम सुटला होता. त्यानं बूट घातले, तोंड न धुताच जिना उतरला, आणि जी बस पहिली आली तिच्यात चढला.

शहराच्या मधोमध एक जुनं भलंमोठं दुकान कधीचं बंद पडलं होतं. तिथं आता दोन वर्षांचं सरकारी कॉलेज होतं. त्याचंही माहितीपत्रक डोरीनच्या टेबलावर होतं, सगळ्यात खाली, एकाच रंगात छापलेलं. फौजेतल्यांचं ऑफिस तळमजल्यावर, पूर्वी जिथं बूट विकायचे तिथं. भिंतीवर अजून बुटांच्या फळ्या होत्या आणि फळ्यांवर धुळकट फायली. व्हर्नन पीट नावाचा म्हातारा तिथं सँडविच खात बसला होता. काळा, जाडजूड, नौदलातला जुना आचारी.

"बस. ती खुर्ची नको, मोडकी आहे. ह्याच्यावर बस," त्यानं खोक्याकडे बोट केलं. "काय शिकायचंय?"

"जमीन मोजणी."

"का?"

"लांबचं बघायला मिळतं," लायल म्हणाला, आणि इतकं सोपं उत्तर आपल्याकडे होतं याचं त्याला नवल वाटलं.

व्हर्नननं मान हलवली, जणू असं रोजच कुणीतरी सांगतं. लायलनं त्याला तेच विचारलं जे तळ्याकाठी विचारलं होतं. कुणी यायचं बंद झालं तर?

म्हाताऱ्याचं चावणं थांबलं. "तर कधी कळतं, कधी नाही कळत. हवाई दलातली एक पोरगी होती, गेल्या वसंतात. येईनाशी झाली. मी फोन केला, पुन्हा केला, आणि मग इथं परीक्षांची गर्दी उसळली आणि तिसरा फोन राहिला तो राहिलाच."

"मग तिचं काय झालं?"

"माहीत नाही," व्हर्नन म्हणाला. "तेच सांगतोय. माहीत नाही मला. बरीही असेल. नवऱ्याबरोबर फ्लोरिडाला गेली असेल." त्यानं सँडविच कागदात गुंडाळून ठेवलं. "तुला बरं वाटेल असं काही सांगितलं असतं मी. पण इथं मी एकटा, तुम्ही ढीगभर, आणि माझी गाडी थंडीत चालू होत नाही. तुझ्या घराची किल्ली कुणाकडे असते?"

"काय?"

"किल्ली रे, किल्ली."

"बहिणीकडे. खालीच राहते."

"ती कामावर असली तर? बाहेरगावी गेली तर?"

"मग नाही कुणाकडे."

"मग एक करून घे आणि दे कुणाला तरी. असा माणूस बघ की जो दार वाजवून परत जाणार नाही. फोन मी करत राहीन, पण फोनचं काय, तो वाजत राहतो. दिलीस की ये, नाव घालू."

हार्डवेअरच्या दुकानात किल्ली कापताना ठिणग्या उडाल्या. तयार झालेली किल्ली त्याच्या तळहातावर पडली तेव्हा ती गरम होती, आणि दुकानाबाहेर येईपर्यंत गारठली. कुणाला द्यायची? त्यानं माणसं मनात आणून पाहिली. हॅरॉल्ड दार वाजवेल, ओरडेल, आणि मागे गाड्या तुंबल्यात म्हणून परत जाईल. जुन्या पलटणीतले सोबती टेक्ससात, ओहायोत, दोघं तुरुंगात. चर्चमधले फादर सुस्वभावी होते, म्हणजे परत जाणारे. इतकी वर्षं आपण ह्या शहरात राहिलो आणि ह्या चार दातांच्या पितळी तुकड्याला शहरात जागा नाही. चालता चालता तो ग्रँट स्ट्रीटवर आला, आणि आपण आधीपासून इकडेच येत होतो हे त्याला दारासमोर कळलं.

दोन्या इल्दानं साखळी लावलेलीच ठेवून दार फटीएवढं उघडलं.

"काय आहे?"

"किल्ली आहे. माझ्या घराची," तो म्हणाला. "मी कॉलेजात जातोय. गावातल्या, सरकारी. ते म्हणतात, किल्ली कुणाकडे तरी ठेव."

"मग माझ्याकडे कशाला आणलीस?"

त्यानं तळहातावरची किल्ली फटीपाशी नेली. "तुम्ही माझ्यावर रागावलायत. रागावलेलं माणूस दार वाजवून परत जात नाही."

फटीतून तिचा एकच डोळा दिसत होता. तो हसत नव्हता, रडत नव्हता. समोरच्या घरातली बाई बर्फ ढकलायचं थांबवून त्यांच्याकडे बघू लागली. मग फटीतून हात बाहेर आला, ओला, साबणाचा वास असलेला. त्या हातानं किल्ली उचलली. दार बंद झालं.

त्यानं नाव घातलं. डोरीन रडली, मग त्याला दाढी करायला लावली. कॉलेज सुरू व्हायला अवकाश होता. डेपोत हॅरॉल्डनं त्याला पोटभर शिव्या दिल्या आणि परत कामावर घेतलं. त्या शनिवारी त्याला सुट्टी होती, डोरीन आश्रमात गेलेली. सकाळ चढली होती, पण तो पलंगावरच होता. कारण काही नाही. उठायचं होतं आणि उठला नव्हता, इतकंच. खाली रस्त्याकडच्या दाराला काहीतरी खरखरलं. कुलपात किल्ली गेली, अडकली, बाहेर आली, पुन्हा गेली. लायलचं सगळं अंग ताठ झालं, जसं पूर्वी व्हायचं. मग दार उघडलं आणि जिन्यावर पाऊल वाजलं. एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं पाऊल त्याच पायरीवर. कुणीतरी कठड्याला धरून वर येत होतं, आणि श्वास पायांच्या पुढे येत होता.

तो जिन्याच्या तोंडाशी आला तेव्हा दोन्या इल्दा शेवटच्या पायरीपाशी पोचली होती. काळा कोट, डोक्याला रुमाल, मुठीत किल्ली. त्यानं हात पुढे केला, तिनं तो धरला नाही.

"बघायला आले," ती म्हणाली. "लागते का ते."

तिला खुर्चीवर बसवून त्यानं पाणी दिलं. प्यायच्या आधी तिनं पेला उजेडात धरून पाहिला. खोलीवरून नजर फिरवली. पलंग, खरकट्या बशा, छतावरची ओल. कॉफी विचारली तर नको म्हणाली. किल्ली मुठीतून सुटत नव्हती, तिच्या खुणा तळहातावर उमटल्या असतील असं त्याला वाटलं.

"त्याच्या खोलीची नव्हती माझ्याकडे," दोन्या इल्दा म्हणाली. "घरमालक गावाला गेला होता. तो येईपर्यंत मी बाहेर पायरीवर बसून होते. दार वाजवलं, मग म्हटलं, वाजवून चिडेल, तर नुसती बोलत बसले. दाराशी तोंड नेऊन. शेजारणीचं भांडण सांगितलं, बटाटे किती महाग झालेत ते सांगितलं, तू बाहेर आलास की भात करते म्हटलं. ऐकतोय असं वाटत होतं मला. गप्प राहून ऐकायची सवयच होती त्याला." तिनं पेला खाली ठेवला. "दुपार झाली, घरमालक आला. दार उघडून आत गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, बाई, कालपासूनच."

लायल उभाच होता. बसावं की नाही हे त्याला कळेना.

ती उठली. उठताना टेबल धरलं. "कुलूप अडकतं तुझं. तेल घाल त्याला."

"घालतो. सोडायला येऊ खाली?"

"नको. मला उतरायला वेळ लागतो. मागे कुणी उभं राहिलेलं चालत नाही."

म्हणून तो वरच थांबला. ती उतरत होती. एक पाऊल, थांबणं, त्याच पायरीवर दुसरं पाऊल. तो प्रत्येक पायरीबरोबर तिच्या गुडघ्यांतून खाली जात होता. खालचं दार उघडलं, रस्त्यावरची थंडी जिन्यानं वर आली, दार लागलं. बाहेरून किल्ली फिरली. मग पावलांचा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. किल्ली पुन्हा आत गेली, अडकली, फिरली, दार उघडलं. कुणी वर आलं नाही. दार पुन्हा लागलं, किल्ली पुन्हा फिरली, आणि मग बाहेर बर्फावरून तिची पावलं थांब्याकडे जाताना ऐकू आली.